चौघांत वाटलेली बातमी

आमच्या साहेबांनी उभ्या नोकरीत कुणाला अख्खी बातमी म्हणून सांगितली नाही. अर्धी सांगायचे, उरलेली कुणाकडं आहे तेवढं सांगायचे आणि उजवा हात डोक्याच्या वर नेऊन म्हणायचे, "हुडका."

परंड्याच्या बाहेर कुर्डुवाडी रस्त्याला आमचं दुधाचं चिलिंग सेंटर आहे. गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ कॅनमधून येतं. ते मोजायचं, तपासायचं, चार डिग्रीपर्यंत थंड करायचं आणि टँकरनं पुढं धाडायचं, एवढंच काम. माणसं पाच. साहेब केंद्रप्रमुख. कॅन उतरतात त्या ओट्यावर वजनाला शिंदे. कंप्रेसर आणि टाकी सांभाळायला गफूरभाई. कागदपत्रांना कदम. आणि लॅबमध्ये मी. दुधात पाणी किती, फॅट किती हे सांगणारी, म्हणजेच दूध घालणाऱ्या सगळ्या गावांच्या शिव्या खाणारी.

रुजू झाले त्या दिवशी साहेब ओट्यावर उभे होते. भर एप्रिलात अंगात बिनबाह्यांचा करडा स्वेटर. खिशाला तीन पेनं, तिन्ही बंद पडलेली, आणि चालणारं चौथं कानावर. मी विचारलं, "साहेब, उद्या किती वाजता येऊ?"

"सकाळी या, ताई."

"सकाळी म्हणजे किती?"

"ते गफूरभाईला ठावं हाय. हुडका."

मला वाटलं, माणूस सर्किट आहे आणि आपलं इथं काही खरं नाही. कंप्रेसरच्या खोलीत गेले तर पांढऱ्या दाढीचे गफूरभाई नळ पुसत बसलेले. मला बघून आधी पोटभर हसले. "पाच वाजता यायचं, बेटी. पण कोणत्या दारानं, ते मला न्हाई ठावं. ते शिंद्याला सांगितलं आसंल." शिंद्याला हुडकलं, त्यानं मागचं दार दाखवलं आणि दाराची किल्ली कदमकडं असल्याचं सांगितलं. दुपारपर्यंत मला चौघांची नावं, गावं, शिंद्याचा दुखरा गुडघा, कदमच्या बायकोची बदली आणि गफूरभाईंच्या धाकट्या लेकीचं ठरत आलेलं लग्न, सगळं ठाऊक झालं होतं. याआधीच्या नोकरीत दोन वर्षांत शेजारच्या टेबलावरच्या बाईचं आडनाव तेवढं कळलं होतं.

चहाचं तर विचारू नका. चहापत्तीचा डबा माझ्या लॅबच्या कपाटात. साखर शिंद्याकडं, वजनकाट्याच्या खालच्या कप्प्यात. शेगडी गफूरभाईंच्या खोलीत. कप कदमच्या ड्रॉवरमध्ये, आणि त्या ड्रॉवरला कुलूप. दूध हवं तेवढं, पण बाकीच्या तिघांचं तोंड बघितल्याशिवाय कुणाच्या बापाला चहा मिळायचा नाही. मी एकदा घरून साखरेची पुडी आणली, तर साहेबांनी ती शिंद्याच्या कप्प्यात नेऊन ठेवली आणि मला म्हणाले, "आता मागून घ्या."

सेंटरच्या आवारात त्यांनी कधी कुणाला फोन लावला नाही. कुणी चिठ्ठी दिली की न वाचता खिशात घालायचे. "तोंड हाय की तुम्हाला," म्हणायचे. त्यांच्याकडं बटणांचा जुना फोन होता आणि तोही फक्त लेकीसाठी. लेक पुण्याला नोकरीला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मूळचे बेंबळीचे, परंड्यात एका खोलीत भाड्यानं राहायचे.

हेडऑफिसचा एक तरुण अधिकारी तपासणीला आला होता. टाय वगैरे लावून. त्यानं विचारलं, कालचं एकूण दूध किती. साहेब म्हणाले, "सकाळचं मी सांगतो. संध्याकाळचं शिंदेला ठावं हाय." तो फाईल घेऊन शिंद्याकडं, तिथून माझ्याकडं, माझ्याकडून गफूरभाईंकडं. तासाभरानं बघते तर टाय सैल करून उलट्या कॅनवर बसलाय आणि गफूरभाईंना आपल्या आईच्या मधुमेहाबद्दल सांगतोय. जाताना साहेबांच्या पाया पडून गेला. त्यानं वर काय अहवाल दिला कोण जाणे.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं, की हे खूळ आलं कुठून. कानावरचं पेन काढून त्यांनी पुन्हा कानावर ठेवलं. म्हणाले, "ताई, ह्याच्याआधी ज्या सेंटरला होतो, तिथं दोघं जण अकरा वर्षं एका पाळीत होते. एकाची आई वारली. दुसऱ्याला कळलं महिन्यानं, ते बी त्याचं मुंडण केलेलं डोकं बघून न्हवं. डोक्यावरचे केस वाढून आले तरी ह्यानं बघितलं नव्हतं. पेपरातल्या श्रद्धांजलीच्या फोटोवरनं कळलं. आन् मी तिथला प्रमुख. मला बी पेपरातनंच कळलं." एवढं बोलून ते उठले. पूर्ण गोष्ट त्यांनी सांगितल्याचं मला आठवतं ते एवढंच.

त्या वेळी आम्ही सुखात होतो. मी हे आज लिहितेय म्हणून म्हणत नाही, तेव्हाही कळत होतं. गफूरभाईंनी मला कंप्रेसरच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायला शिकवलं. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा तो आधी लॅबमध्ये. लॅब आणि कंप्रेसरच्या खोलीमध्ये एक मोठी काच आहे. तिच्यावर ते बोटानं टकटक करायचे आणि मी पत्तीचा डबा वर करून दाखवायचे. माझे वडील लहानपणीच गेले. बेटी म्हणून हाक मारणारं माणूस मला नोकरीच्या ठिकाणी मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि ते मी घालवलं.

उन्हाळ्यातला दिवस होता. आदल्या संध्याकाळी साहेब मला म्हणाले, "उद्या दुपारी चार तास लाईट न्हाई. दुसरं गफूरभाईला ठावं हाय. हुडका." गफूरभाईंना त्यांनी सांगितलं होतं, की जनरेटरला डिझेल दोनच तासांपुरतं आहे आणि बाकीचं ताईंना विचारा. माझ्या घरी पाहुणे यायचे होते, मी घाईत निघाले. वाटलं, गफूरभाई सकाळी विचारतीलच. त्यांना वाटलं, बेटी येऊन सांगेल. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला धाराशिवला गेलेले. दुपारी लाईट गेली, जनरेटर दोन तास चालला आणि बंद पडला. शिंदे मोटारसायकलवर डिझेल आणायला पळाला, तो येईपर्यंत टाकी चौदा डिग्रीवर गेली होती. सगळं दूध नासलं.

हेडऑफिसनं नुकताच व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला होता. त्यावर विचारणा आली, की परिस्थिती फोटोसह कळवा. मी टाकीसमोर उभी राहिले, तापमानाच्या काट्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "तपासणीच्या वेळी तापमान चौदा. कंप्रेसर बंद होता." शब्द न् शब्द खरा होता. लाईट जाणार हे मला आदल्या दिवशीपासून माहीत होतं, तेवढं मी लिहिलं नाही. मी घाबरले होते. माझी नोकरी कच्ची होती, गफूरभाईंची पक्की. त्यांचं फार काही बिघडणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मेमो त्याच ग्रुपवर आला, सगळ्यांच्या देखत. गफूरभाईंच्या नोकरीतला पहिला. त्यांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला आणि दोनदा वाचला. मग लॅबच्या दारात आले. "बेटी, वर कळवायच्या आधी मला सांगायचं व्हतं."

मी म्हणाले, "ऑफिसनं मला विचारलं होतं. तुम्हाला नाही."

ते "बरं" म्हणून गेले. दुसऱ्या दिवसापासून मी मॅडम झाले. नंतर तेही थांबलं. टाकीचं तापमान ते एका पाटीवर खडूनं लिहायचे आणि ती पाटी काचेला टेकवून ठेवायचे. मी वहीत उतरवून घ्यायचे. शिंदे त्यांच्या बाजूचा झाला, कदम माझ्या. कदमला माझ्याबद्दल फार प्रेम होतं असं नाही, त्याचं आणि शिंद्याचं आधीपासून वाकडं होतं.

साहेबांनी हेडऑफिसला पत्र लिहिलं, की चूक सर्वस्वी माझी, मेमो मला द्या. उत्तर आलं नाही. मी चिडून त्यांना तोंडावर बोलले, "साहेब, ह्या सगळ्याला तुमचं ते अर्धं सांगणं कारण आहे. सोडा आता ते." त्यांनी मान खाली घातली. "व्हय, चूक माझीच हाय. पण ताई, आता सोडलं तर तुम्ही एकमेकांकडं बघनार बी न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले आणि मला म्हणाले, टँकर उशिरा येणार, किती उशिरा ते गफूरभाईला ठावं हाय. हुडका. मला त्यांच्या त्या हट्टाचा इतका संताप आला, की हातातली बाटली फेकावी वाटली.

मी हुडकलं नाही. ग्रुपवर टाकलं, "साहेब म्हणाले, टँकर उशिरा." काचेपलीकडं गफूरभाईंनी खिशातून फोन काढला. मिनिटाभरानं आलं, "सात वाजता." झालं काम. मग तीच रीत पडली. तीस पावलांत चार माणसं, माना खाली घालून आपापला तुकडा ग्रुपवर टाकायची. चहासुद्धा बंद झाला. समोरच्या टपरीवरून चार चहा यायचे आणि चार कोपऱ्यांत प्यायले जायचे. माझ्या कपाटातली पत्ती दगड झाली.

साहेबांच्या बटणांच्या फोनवर ग्रुप नव्हता. त्यांना एवढंच दिसायचं, की अर्धं सांगितलेलं काम पूर्ण होतंय. टँकर वेळेवर भरतोय. एका संध्याकाळी ओट्यावर उभे राहून मला म्हणाले, "बघा ताई, जमतंय हळूहळू. बोलायलाव तुम्ही." त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता. मी म्हणाले, "हो साहेब." दुसरं काय म्हणणार होते? म्हणता आलं असतं. म्हणाले नाही.

असं दीड वर्ष गेलं. मग तो शनिवार आला.

साहेब लॅबमध्ये आले, स्टुलावर बसले. कधी बसायचे नाहीत. म्हणाले, "ताई, सोमवारी पहिल्या गाडीनं मला सोलापूरला जायाचंय. कशाला, ते बाकीच्यांना ठावं हाय. हेडऑफिसला मातर कळू देऊ नका, उगं रिटायर करत्याल." मग हात वर केला. तो खांद्यापर्यंतच गेला. "हुडका."

हेडऑफिसला कळू द्यायचं नाही, म्हणजे ग्रुपवर टाकता येत नव्हतं. म्हणजे तोंडानं विचारायला हवं होतं. मी ठरवलं, जातील कुठल्या तरी लग्नाला नाहीतर कोर्टाच्या कामाला. आपल्याला काय करायचंय.

सोमवारी ते आले नाहीत. आम्ही चौघांनी आपापलं काम केलं. मंगळवारी पाचला ओट्यावर हजर, अंगात स्वेटर, कानावर पेन. मी नमुन्याच्या बाटल्या घेऊन चालले होते. विचारलं, "झालं का काम, साहेब?"

"न्हाई झालं. परत जाऊ म्हणं."

एवढं बोलून ते माझ्याकडं बघत राहिले. मी पुढं काही विचारीन म्हणून थांबले असतील. माझे हात भरलेले होते.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ते पाचला आले नाहीत. साडेपाचला नाही, सहाला नाही. शिंदे खोलीवर बघून आला आणि वजनकाट्याच्या प्लेटवर मटकन बसला. साहेब झोपेतच गेले होते. शिंदे रडत होता आणि आम्ही तिघं तीन बाजूंना उभे होतो.

दहाव्याला बेंबळीला गेलो. गेलो म्हणजे, मी आणि कदम एसटीनं, शिंदे आणि गफूरभाई मोटारसायकलवर. साध्या दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. साहेबांच्या लेकीनं एका ताटात चार कप चहा आणला. आम्हाला बघून तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. म्हणाली, "पप्पा सारखं तुमच्या चौघांचंच सांगायचे. मला तेवढं एक विचारायचंय. त्या सोमवारी हॉस्पिटलात नेमकं काय झालं? डॉक्टरांनी परत का पाठवलं?"

शिंद्यानं गफूरभाईंकडं बघितलं, कदमनं माझ्याकडं.

"तुम्ही होता ना सोबत? मी रजा टाकली होती, तिकीट काढलं होतं. पप्पांनी रद्द करायला लावलं. म्हणाले, माझी चार माणसं येणार हायत, तू कशाला हेलपाटा मारतीस. मी म्हणाले, अहो चौघं आल्यावर सेंटर कोण बघणार? तर म्हणाले, दूध एक दिवस वासरं पितील."

सगळ्यात आधी गफूरभाई बोलले. खाली मान घालून. "मला सांगितलं व्हतं, हार्टचं ऑपरेशन हाय. कवा हाय, ते मॅडमला ठावं हाय म्हणाले."

मग शिंदे. "मला म्हणाले, एकट्यानं येऊ नगा म्हणत्यात. सही कराया मानूस लागतंय. कशाची सही, ते मला कळलं न्हाई. मला वाटलं, बँकेचं काय तरी."

कदम म्हणाला, "मला म्हणाले, डॉक्टर म्हणतात, लांबवू नका. मी म्हणलं, बरं साहेब."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "सोमवारी. पहिल्या गाडीनं."

दीड वर्षानंतर आम्ही चौघांनी एक बातमी तोंडानं पुरी केली, ती ही. लेकीनं ऐकून घेतलं. मग तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे ते तिथं एकटेच बसून होते?" शिंद्यानं हो म्हटलं. सही करायला माणूस नाही म्हणून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून, कुर्डुवाडीवरून शेवटच्या गाडीनं परत आलेले, हे त्याला त्या गाडीत साहेबांशेजारी बसलेल्या कुणीतरी नंतर सांगितलं होतं. त्यानंही ते आम्हाला सांगितलं नव्हतं. लेक आमच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कप गोळा केले. कुणी चहा प्यायला नव्हता, तरी ताटात भरलेले कप घेऊन ती आत गेली.

येताना मला वाटलं होतं, आता तरी आम्ही बोलू. एसटी स्टँडवर गफूरभाईंची मोटारसायकल थांबली होती, शिंदे हवा भरत होता. मी चार पावलं गेलेसुद्धा. मग परत वळले. आमच्यातला अबोला आधी रागाचा होता. राग कधीतरी विझतो. हा आता लाजेचा होता, आणि याला काही उतार नाही.

नवे साहेब आले आहेत. सज्जन आहेत. सगळी बातमी पूर्ण, मुद्देसूद, सकाळी सहा वाजता ग्रुपवर टाकतात. खाली आम्ही चार अंगठे उमटवतो. मध्यंतरी हेडऑफिसनं मोबाईलवर प्रशिक्षण घेतलं, सहकाऱ्यांशी चांगले संबंध आणि सुसंवाद असा विषय. चौघांनी चार कोपऱ्यांत कानात वायरी घालून ते बघितलं. शेवटी प्रश्न होते. सहकाऱ्याशी मतभेद झाल्यास तुम्ही काय कराल, त्याला चार पर्याय. मी बरोबर पर्याय निवडला. आमच्या सेंटरला सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले आणि प्रमाणपत्रं आली. ती कदमनं साहेबांच्या जुन्या टेबलामागं भिंतीवर लावली आहेत.

एक गोष्ट मी बेंबळीत सांगितली नाही. घरीही सांगितलेली नाही.

त्या शनिवारी दुपारी गफूरभाई लॅबच्या दारात आले होते. साहेबांचा तुकडा घेऊनच आले असणार. उंबऱ्याबाहेर चपला काढल्याचा आवाज मी ऐकला. ते म्हणाले, "बेटी."

दीड वर्षानं म्हणाले. मी दुधाचा आंबटपणा तपासत होते. थेंब मोजायचे असतात, मान वर करता येत नाही. तो नमुना टाकून दुसरा घेता आला असता, रोज कितीतरी नमुने मी ओतून देते. मी म्हणाले, "काम चालू आहे."

त्यांनी उंबऱ्यावरून पाऊल मागं घेतलं. मग चपला घालून गेले.

बेंबळीत त्या पोरीसमोर त्यांनी हे सांगितलं नाही, की मी विचारायला गेलो होतो. सांगितलं असतं तर ते सुटले असते. आजवर त्यांनी ते शिंद्यालाही सांगितलेलं नाही, नाहीतर शिंद्याच्या नजरेतून मला कळलं असतं. पुढच्या वर्षी ते रिटायर होतील. सकाळी पाचला ते खडूनं पाटीवर आकडा लिहितात, पाटी काचेला टेकवतात आणि मी बघितलं की नाही याची खात्री होईपर्यंत धरून ठेवतात. मी मान हलवते आणि वहीत चार लिहून घेते.